घरच्या माथाडीची पाठ

कंबरदुखीला आपल्याकडे एक प्रतिष्ठा आहे. कंबर धरली म्हटले की घरात धावपळ सुरू होते, पट्टा येतो, गादी बदलली जाते, शेजारचे कुणीतरी खात्रीच्या डॉक्टरांचा पत्ता घेऊन येते. गुडघेदुखी तर लग्नकार्यातल्या गप्पांचा हक्काचा विषय होऊन बसली आहे. पण मानेच्या खाली, दोन खवाट्यांच्या मधोमध जे दुखते त्याला धड नावही नाही. उसण भरली, चमक निघाली, वात धरला, असे काहीतरी म्हणून वेळ निभावून नेली जाते. घरातली बाई असेल तर ती तेवढेही म्हणत नाही. ओट्याशी उभी असताना मध्येच खांदे उडवते, मान इकडून तिकडे वळवते आणि रात्री नातवाला म्हणते, "जरा पाठीवर पाय दे रे बाळा." नातू पाठीवर चार पावले नाचतो आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये, असे मला वाटते. बँकेतल्या नोकरीची काही वर्षे मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाखांमध्ये काढली. कर्जाच्या अर्जात पाठदुखीचा रकाना नसतो. पण अंगठा उठवायला वाकलेली बाई सरळ होताना क्षणभर थांबते, डोळे मिटते, हे टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला दिसत असते. आणि खरे सांगायचे तर टेबलाच्या अलीकडेही फारसे वेगळे चालले नव्हते. ३१ मार्चचा ताळेबंद जवळ आला की आमच्या शाखेत मलमाचा वास दरवळायचा. रोखपाल दिवसभर मान खाली घालून नोटा मोजायचा, मी रात्री उशिरापर्यंत लेजरवर वाकलेली असायची. डोक्यावर हंडा नाही, पाठीवर पोते नाही, तरी दुखणे त्याच जागी! हे कसे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला होता. निवृत्तीनंतर एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर बोटे फिरवत त्याचे उत्तर सांगितले, आणि पुढे वाचनातून ते पक्के होत गेले.

माणसाच्या पाठीचा वरचा भाग ही मोठी मजबूत रचना आहे. बारा मणक्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या जोडलेल्या, त्यामुळे हा भाग मानेइतका किंवा कमरेइतका वळत नाही. म्हणूनच इथली गादी सरकण्याचे प्रमाण मान-कमरेच्या मानाने फारच कमी. इथे दुखते ते बहुतेक वेळा स्नायूंमुळे. सर्वांत वरचा स्नायू म्हणजे ट्रॅपेझियस. डाव्या-उजव्या बाजूचे दोन्ही मिळून पतंगासारखा आकार होतो. एक टोक कवटीच्या मागे, दोन टोके खांद्यांवर आणि चौथे थेट बरगड्यांच्या शेवटच्या मणक्यापर्यंत. त्याच्या पोटात लहान लहान स्नायू आहेत, ते खांद्याची पाती मणक्याकडे ओढून धरतात आणि वर उचलतात. हात लांब करून काहीही केले, भाकरी थापली, नोटा मोजल्या, शिवणयंत्र चालवले, की या स्नायूंना पाती जागेवर धरून ठेवावी लागते. शिवाय साडेचार-पाच किलोचे डोके तोलायचे ते वेगळेच. डोके सरळ असते तोवर त्याचा भार मणक्यांवर पडतो. ते पुढे झुकले की तो तोलायचे काम मानेमागच्या आणि पाठीवरच्या स्नायूंवर येते.

स्नायू कामाला भीत नाही. त्याला नकोसे होते ते एकाच जागी ताठून उभे राहणे. चालताना, कांडताना, पोहताना तो आवळतो आणि सैल पडतो. दर वेळी त्यातून ताजे रक्त फिरते. पण तासन् तास तो अर्धवट आवळलेला राहिला तर आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पोचतो आणि स्नायू कुरकुरू लागतो. हाताने चाचपले तर दोरीसारखा कडक पट्टा लागतो, त्यावर बोट दाबले की कळ खांद्यापर्यंत, कधी डोक्यापर्यंत जाते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा दुखऱ्या जागांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि १९८३ साली त्यावर सहकाऱ्यासह ग्रंथ लिहिला. या जागा नेमक्या कशाने तयार होतात याविषयी आजही वाद आहेत. पण दुखते एकीकडे आणि मूळ असते दुसरीकडे, हा अनुभव मात्र सगळ्यांचाच. त्यात झोप अपुरी झाली, मन काळजीत असले की हेच दुखणे दुप्पट वाटते. ते ढोंग नव्हे. काळजीत माणूस नकळत खांदे वर ओढून बसतो आणि थकलेला मेंदूही दुखण्याची सूचना मोठ्या आवाजात वाचतो.

हे सगळे समजून घेतल्यावर शहापूर-मुरबाडकडे पाहिले म्हणजे दिसते, की इथल्या वर्षाचा प्रत्येक हंगाम पाठीच्या याच भागावर येऊन पडतो. पावसाळ्यापूर्वी राब भाजायचा, त्यासाठी पाल्याचे आणि काटक्यांचे भारे डोक्यावरून वाहायचे. जून-जुलैत आवणी, चिखलात वाकून दिवसभर रोपे लावायची, पाठीवर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद, मान वर आणि हात खाली. मग कापणी, भारे, झोडणी. दिवाळीनंतर कातकऱ्यांची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तिथे डोक्यावर विटांची चवड. जंगलाकाठच्या पाड्यांवर सरपणाच्या मोळ्या. आणि फेब्रुवारी-मार्च उलटला की पाणी.

शहापूरच्या पाण्याची गोष्ट आता नवी राहिलेली नाही. तानसा धरण १८९२ सालचे. भातसाही याच तालुक्यातले; मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा. मुरबाडच्या अंगाला बारवी, तिचे पाणी कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्याला. पावसाळ्यात इथे आभाळ फाटते आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. जलवाहिनी दिसते तिथून हाकेच्या अंतरावर बाई डोक्यावर हंडा घेऊन चालते. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते या पाण्याच्या वजनाविषयी.

जुन्या सवयीने मी हिशेब मांडते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी. काखेत आठ लिटरची कळशी. भांड्यांचे वजन धरून एका खेपेला पंचवीस किलो. दिवसाला चार खेपा म्हणजे शंभर किलो. उन्हाळ्याचे नव्वद दिवस धरले तर नऊ टन. एक मालट्रक भरून पाणी एक बाई तीन महिन्यांत डोक्यावरून वाहते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते, म्हणजे अठरा हंडे! कुठलीही बाई डोक्यावरून अठरा हंडे आणू शकत नाही. त्यामुळे जिथे नळ आला पण त्याला पाणी आले नाही तिथे घर कमी पाण्यात भागवते, आणि तेवढ्यासाठीही पाठ मोडते.

डोक्यावरून ओझे वाहणे ही आपल्या बायकांची कला आहे, त्यांना त्याचा त्रास होत नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या कौतुकाला शास्त्राचाही थोडा आधार मिळाला होता. केनियातल्या बायका आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका भार जादा शक्ती खर्च न करता वाहतात, असे १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. पुढे २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांवर झालेल्या अभ्यासात सरसकट असा फायदा आढळला नाही. उलट डोक्यावरच्या ओझ्याने मान दुखते, हे समोर आले. त्याच वर्षी त्याच देशातल्या लिम्पोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्यांची विचारपूस झाली, तेव्हाही मान आणि पाठ दुखत असल्याच्या तक्रारी निघाल्या. चालण्याचा डौल पाहणाऱ्याला दिसतो. चुंबळीखाली मान ताठ धरणाऱ्या स्नायूंचे काय होते ते फक्त तिला कळते.

मुंबईच्या बाजारातल्या ओझ्याला कायदा आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेचा मोठा लढा होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषानेही एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त ओझे हातांनी वाहू नये, आणि बाईसाठी ही मर्यादा बरीच कमी असावी. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असा शासननिर्णय राज्यात २०१५ साली निघाला. गोदामातल्या हमालाला, शाळेतल्या मुलाला मर्यादा आहे. घरच्या माथाडीला मात्र कसलीच नाही. तिचे ओझे घर ठरवते, म्हणजे बहुधा कुणीच ठरवत नाही.

आता दुखण्यातून बाहेर कसे पडायचे ते पाहू. पहिली दिलासा देणारी गोष्ट अशी, की स्नायूंचे हे दुखणे बहुतेकांचे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरते. अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नसते. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहिले तर स्नायू अधिकच आखडतात. ज्या कामाने कळ येते तेवढे टाळायचे आणि बाकी हालचाल चालू ठेवायची. चालणे सर्वांत चांगले. शेक घेतल्याने बरे वाटते. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. मिठाची पुरचुंडी, कपड्यात गुंडाळलेली गरम वीट, निरगुडीचा गरम पाला, यातले जे हाताशी असेल ते. मधुमेहामुळे ज्यांची त्वचा बधिर झाली आहे त्यांनी मात्र शेक दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावा, नाहीतर भाजते ते कळत नाही.

आपल्या परंपरेतले सगळेच उपाय मात्र असे निरुपद्रवी नाहीत. पायाकडून जन्मलेल्या पायाळू माणसाने उसणीवर पाय फिरवावा, ही समजूत सगळीकडे आहे. पाय हलका असेल तर त्यात नुकसान नाही, चार माणसांत हसणे होते हाच फायदा! पण बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, जखमा चिघळतात. तापल्या विळ्याने डाग देणे तर निव्वळ क्रौर्य. आणि अलीकडचा बाजारातला उपाय म्हणजे दुखले की वेदनाशामक गोळी, फार दुखले की सुई. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढे दिवस गोळ्या घ्यायला हरकत नाही. पण आपल्या मनाने महिनोन् महिने घेतलेल्या गोळ्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडावर उठतात.

कळ ओसरली की खरा उपचार सुरू होतो, तो म्हणजे स्नायूंना पुन्हा हलते आणि बळकट करणे. ताठ बसून दोन्ही पाती मागे आणि किंचित खाली ओढायची, पाच अंक मोजायचे, सोडायचे. असे दहा वेळा. स्वतःलाच मिठी मारल्यासारखे हात खांद्यांवर ठेवून पाठ गोल करायची आणि दीर्घ श्वास घ्यायचा. पातींच्या मधला भाग मोकळा होतो. भिंतीला पाठ टेकून हात वर सरकवायचे, खाली आणायचे. ज्यांना जमते त्यांनी मार्जारासन, बेताचे भुजंगासन करावे. आठ-दहा दिवसांनी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन, थोडे वाकून, कोपर मागे ओढायचे. हा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे. सुरुवातीला थोडे अवघडल्यासारखे वाटेल, त्याला भिऊ नये. तीव्र कळ किंवा हाताला मुंग्या आल्या तर थांबावे आणि दाखवून घ्यावे. आणि बैठे काम करणाऱ्याने अर्ध्या तासाने उठावे. सर्वांत चांगली बैठक कोणती, असे मी त्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "पुढची."

पाठीतले प्रत्येक दुखणे स्नायूचे नसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पाठीबरोबर छातीत दडपण, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ते हृदयाचे असू शकते. तिथे शेक-मालिश करत बसू नये, १०८ क्रमांक फिरवून रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही माणसांत छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो. एकाच बाजूला आग होऊन दोन दिवसांनी पुरळ उठले तर ती नागीण. साठीनंतरच्या बाईला नुसत्या वाकण्याने किंवा किरकोळ पडण्याने एकाएकी कळ आली तर ठिसूळ मणका दबलेला असू शकतो. आणि दुखणे आठवडेच्या आठवडे वाढत जात असेल, रात्री झोपू देत नसेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, पायांतली ताकद कमी होत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. १७७९ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने त्याचे वर्णन करून ठेवले. हा क्षय पाठीच्या मणक्यांना पुष्कळदा गाठतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर माणूस बरा होतो.

इथवरचे सगळे ज्ञान शहरातल्या वाचकाला पुरेल. पाड्यावरच्या बाईला ते पुरत नाही. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, आणि त्या दशकाच्या अखेरीला मी अशाच गटांच्या बैठकांना जात असे. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर एक चाळिशीची बाई भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नसे. मी विचारले, "ताई, दवाखान्यात दाखवलं का?" ती हसून म्हणाली, "दाखवला ना मॅडम. डागतर म्हनतो, आठ दिस वझा उचलू नको. मंग पानी काय त्याची बायको आनल?" सगळ्या बायका हसल्या. डॉक्टरांचे काहीही चुकले नव्हते आणि त्या बाईचेही. औषध बरोबर होते, फक्त ते तिच्या घरात मिळत नव्हते.

त्या गटाने पुढच्या महिन्यात आपल्या बचतीतून तिला थोडे कर्ज दिले. त्यातून एक जुनी सायकल आणि वीस लिटरचे दोन कॅन आले. मग एक गंमत झाली, जी मी नंतर अनेक गावांत पाहिली. हंडा डोक्यावर होता तोवर ते बाईचे काम होते. पाणी कॅरिअरला लटकताच ते पुरुषाचे झाले. तिचा नवरा सकाळी दोन फेऱ्या मारू लागला. त्याला कुणी उपदेश केला नव्हता. हंडा डोक्यावर घ्यायची त्याला लाज वाटत होती, सायकल ढकलायची नव्हती, एवढेच. दोनेक महिन्यांनी बैठकीला गेले तेव्हा ती बाई भिंतीपासून हातभर पुढे बसली होती. एका पाठीवरून मी सिद्धांत मांडत नाही. पण ओझ्याखाली चाक आले की ते वाटले जाते, हे मला तिथे कळले. दक्षिण आफ्रिकेत १९९१ पासून पाण्याचे पिंपच जमिनीवरून ढकलत नेण्याची युक्ती वापरात आहे. आपल्याकडे सायकल तरी पुष्कळ घरांत आहे.

ही केवळ पाड्यावरची गोष्ट नाही. आसनगाव-कसाऱ्याहून रोज मुंबई गाठणारा मुलगा दोन-अडीच तास एका खांद्यावर पिशवी आणि मोबाइलवर मान घालून उभा असतो. त्याने पिशवी दोन्ही खांद्यांवर घेतली आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरला तर अर्धे काम होते. डोंबिवलीतल्या घरातही गव्हाचे पोते, गॅसची टाकी, ओल्या कपड्यांची बादली, कडेवरचे मूल कुणीतरी उचलतच असते, आणि बहुतेक घरांत ते एकच माणूस असते.

तेव्हा आज रविवार आहे, सगळे घरात आहेत, तर एक काम करावे. कागद घेऊन घरात दिवसभरात कोण काय उचलते ते लिहावे, पुढे अंदाजे वजन लिहावे आणि खाली बेरीज मारावी. बँकेत एकाच खात्यावर सतत उचल होऊ लागली तर आम्ही खातेदाराला बोलावून घेत असू. पाठ तशी नोटीस आधीच पाठवते, दुखून. ती वाचून मलमाची बाटली आणून देणे ही माया झालीच. पण जिच्या नावापुढची बेरीज सर्वांत मोठी निघेल तिच्या हातातली बादली आज संध्याकाळी आपण उचलणे, हा उपचार आहे.